लोड करायच्या आधी एक गुणाकार करा: आर, मोठा डेटा आणि ८ जीबीचा लॅपटॉप

गेल्या महिन्यात एका रविवारी सकाळी माझी भाची लॅपटॉप घेऊन कोथरूडला आमच्याकडं आली आणि चपला काढता काढताच म्हणाली, "आत्या, आर चालतच नाहीये गं, बुधवारी सरांना ग्राफ दाखवायचेत आणि हे दर वेळी १९२४ ला येऊन अडकतंय." तिचा एमएस्सीचा प्रोजेक्ट आहे, पुणे जिल्ह्यातला पाऊस १९०१ पासून कसा बदलत गेला हे बघायचंय, आणि त्यासाठी तिनं हवामान खात्याचा रोजच्या पावसाचा डेटा उतरवून घेतला होता. हा डेटा आपल्या पुण्याच्या ऑफिसातूनच येतो, शिवाजीनगरचं सिमला ऑफिस म्हणतो ना आपण, तेच (१९२८ ला खात्याचं मुख्यालय सिमल्याहून पुण्यात आलं, नंतर ते दिल्लीला गेलं पण नाव इथंच राहिलं).

स्क्रीनवर लाल अक्षरात एवढंच होतं, "एरर: कॅनॉट अलोकेट व्हेक्टर ऑफ साइज १.१ जीबी". तिचं म्हणणं असं की लॅपटॉपला ८ जीबी रॅम आहे, हे १.१ मागतंय, मग देत का नाही? दुकानात तिला सांगितलं होतं की रॅम १६ करून घ्या म्हणजे प्रश्न मिटेल, आणि ती खरंच पैसे जमवायच्या तयारीत होती. हा प्रश्न मला वर्षातून पाच-सहा जण तरी विचारतात, कुणी अर्थशास्त्राचं, कुणी पब्लिक हेल्थचं, म्हणून एकदा नीट बसून लिहितेय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, आर हे स्टॅटिस्टिक्सचं फुकट सॉफ्टवेअर आहे. न्यूझीलंडच्या ऑकलंड युनिव्हर्सिटीत रॉस इहाका आणि रॉबर्ट जंटलमन या दोघांनी ते नव्वदच्या दशकाच्या सुरवातीला करायला घेतलं, १९९५ पासून ते मुक्त लायसन्सखाली आहे आणि १.० व्हर्जन २९ फेब्रुवारी २००० ला आलं. मला त्याबद्दल मनापासून वाटतं, कारण सदाशिव पेठेत कॉटबेसिसवर राहणाऱ्या पोराला आणि एखाद्या मोठ्या औषध कंपनीतल्या माणसाला अगदी तेच सॉफ्टवेअर मिळतं, एक पैसा न देता. आणि म्हणूनच "फुकटचं आहे, मोठा डेटा झेपत नाही त्याला" असं कुणी म्हणालं की मला वाईट वाटतं. झेपतो. फक्त ते डेटा कुठं ठेवतं हे आधी कळायला पाहिजे.

आर काय करतं, तुम्ही फाइल वाच म्हणालात की सगळी फाइल उचलून रॅममध्ये आणून ठेवतं. हार्ड डिस्क म्हणजे कोठीची खोली आणि रॅम म्हणजे ओटा असं समजा. कोठीत पंधरा डबे मावतात, ओट्यावर नाही मावत. आता दिवाळीच्या फराळाला तुम्ही सगळे डबे ओट्यावर काढलेत, भाजणी, बेसन, रवा, साखर, सगळं, आणि शेवटी चकल्या ठेवायला एक ताटली पाहिजे आणि ती ठेवायला जागा नाही. आर अशा वेळी त्या ताटलीचं माप सांगतं, ओटा किती भरलाय ते सांगत नाही. तो १.१ जीबी म्हणजे ताटली. एरर वाचताना सगळ्यात जास्त गैरसमज इथंच होतो, लोक आकडा बघतात आणि म्हणतात एवढंसंच तर मागतंय. मी तर "१६ एमबी देता येत नाही" असंही बघितलंय, ओटा गच्च भरला की एवढंसंही जड होतं.

मग ओट्यावर होतं काय? इथं कागद-पेन घेऊन बसलो आम्ही दोघी.

हा डेटा चौकटींचा आहे, पाव अंशाची एक चौकट, म्हणजे देशावर एक जाळी टाकलीय, ६६.५ ते १०० रेखांश आणि ६.५ ते ३८.५ अक्षांश. त्यात १३५ गुणिले १२९ बिंदू, म्हणजे १७,४१५. दर बिंदूला दर दिवशी एक आकडा. १९०१ ते २०२३ ही १२३ वर्षं, त्यात ३० लीप वर्षं, एकूण ४४,९२५ दिवस. गुणाकार केला तर ७८,२३,६८,८७५, म्हणजे अठ्ठ्याहत्तर कोटींच्या वर आकडे. बायनरी फाइलमध्ये एका आकड्याला ४ बाइट लागतात, त्यामुळं डिस्कवर हे सगळं जेमतेम ३.१ जीबी भरतं, आणि ३.१ बघून कुणालाही वाटणार की ८ मध्ये मावेल की! पण आरकडं ४ बाइटचा दशांश आकडा नाहीच, तो दशांश आकडा कायम ८ बाइटमध्ये ठेवतो. झालं, ३.१ चे ६.३ झाले. त्यात भाचीनं जसं शिकवलं होतं तसं लांब टेबल केलेलं, चार कॉलम, अक्षांश, रेखांश, तारीख आणि पाऊस, प्रत्येकाला ८ बाइट (तारीखसुद्धा आतून आकडाच असते), म्हणजे एका ओळीला ३२ बाइट. ७८ कोटी ओळी गुणिले ३२ म्हणजे २५ जीबी.

२५ जीबी! १६ ची रॅम टाकली असती तरी काही झालं नसतं, पैसे गेले असते आणि गाडी १९२४ च्या ऐवजी आणखी थोडी वर्षं पुढं जाऊन अडकली असती.

हा गुणाकार, ओळी गुणिले कॉलम गुणिले ८, डेटा लोड करायच्या आधी करायचा असतो आणि मी सांगते, दहातले आठ जण करत नाहीत. मोबाइलच्या कॅलक्युलेटरवर अर्धा मिनिट लागतो. जे उत्तर येईल त्याच्या निदान दुप्पट-तिप्पट जागा मोकळी पाहिजे, कारण आर काम करताना मधेमधे कॉप्या काढतं, तुम्ही एक कॉलम बदललात, सॉर्ट केलंत, दोन टेबलं जोडलीत, की जुनं आणि नवं दोन्ही काही काळ एकाच वेळी ओट्यावर असतात.

आणि भाचीच्या कोडमध्ये हेच सगळ्यात वाईट पद्धतीनं होत होतं. तिनं फॉर लूप, म्हणजे तेच काम ओळीनं परत परत करणारा कोड, लावला होता, एक वर्षाची फाइल वाच, आधीच्या टेबलाच्या खाली आरबाइंड या आज्ञेनं जोड, पुढचं वर्ष घे. दिसायला अगदी सरळ आहे, पुस्तकातही असंच असतं. पण आरबाइंड जुन्या टेबलाच्या खाली चिकटवत नाही, ते दर वेळी नवीन मोठं टेबल बनवून जुनं सगळं त्यात परत उतरवून काढतं. म्हणजे १९०१ चा डेटा १२३ वेळा उतरवला जाणार, १९०२ चा १२२ वेळा, अशी बेरीज केली तर १२३ वर्षांचं काम करायला ७,६२६ वर्षांइतका डेटा हलवायचा. १९२४ ला येईपर्यंत एकेक कॉलम १.१ जीबीचा झालेला, असे चार, त्यात २३ वर्षांचं जुनं टेबल अजून तसंच, म्हणजे ८ जीबीच्या लॅपटॉपवर साधारण ९ जीबीची मागणी. म्हणून १९२४. त्यात त्या वर्षाच्या फाइलचा काहीच दोष नव्हता, भाची बिचारी दोन दिवस ती फाइल परत परत डाउनलोड करत होती. लूपमध्ये जोडायचंच असेल तर दर वेळचा तुकडा एका लिस्टमध्ये ठेवत जा आणि लूप संपल्यावर एकदाच जोडा, डेटा टेबल पॅकेजमध्ये (पॅकेज म्हणजे आरला वरून जोडायचा तयार आज्ञांचा संच) आरबाइंडलिस्ट आहे, त्यासाठीच केलंय ते.

पण तिच्या बाबतीत खरं उत्तर त्याच्याही आधीचं होतं. मी तिला विचारलं, तुला पुणे जिल्हा पाहिजे, मग तू काश्मीर आणि अंदमान कशाला वाचतेयस? त्यावर ती म्हणाली, "आधी सगळं वाचून मग फिल्टर करायचं असतं ना?" छोट्या डेटाला चालतं ते, मोठ्याला नाही चालत. नेटसीडीएफ (अशा जाळीच्या डेटासाठीचा एक प्रकार) फाइल असेल तर एनसीडीएफ४ पॅकेजनं फाइल उघडली म्हणजे ती वाचली असं होत नाही, फक्त दार उघडतं. आत काय उचलायचं ते एनसीव्हार गेट या आज्ञेत स्टार्ट (कुठून) आणि काउंट (किती) देऊन सांगायचं. पुणे जिल्ह्याभोवती ढोबळ चौकोन घेतला, रेखांश ७३.५ ते ७५ आणि अक्षांश १८ ते १९.२५, तर रेखांशात २९ व्या बिंदूपासून ७ आणि अक्षांशात ४७ व्या बिंदूपासून ६, दिवस सगळे, त्यासाठी काउंटमध्ये उणे १ लिहायचं. ७ गुणिले ६, बेचाळीस बिंदू. सतरा हजार चारशे पंधराच्या ऐवजी बेचाळीस. (क्रम रेखांश, अक्षांश, दिवस असा असतो, उलटा केला तर भलत्याच गावचा पाऊस येईल, म्हणून उचललेल्या बिंदूंचे अक्षांश-रेखांश एकदा छापून बघाच.)

आता परत गुणाकार, ४२ गुणिले ४४,९२५ म्हणजे १८,८६,८५० ओळी, गुणिले ३२ बाइट, साधारण ६० एमबी. पंचवीस जीबीचं काम साठ एमबीवर आलं, तोच लॅपटॉप, तेच फुकट सॉफ्टवेअर. चहा होईपर्यंत १२३ फाइली वाचून झाल्या होत्या आणि ती नुसती बघत राहिली.

आणि समजा कुणाला खरंच सगळ्या देशाचं काम करायचंय, तरी सगळी वर्षं एका वेळी ओट्यावर लागत नाहीत. एका वर्षाचे आकडे ८ बाइटनं ५१ एमबी होतात. एक वर्ष वाचा, मासिक बेरीज काढा, ती ठेवा, बाकी सोडून द्या, पुढचं वर्ष घ्या. नकाशासारखा डेटा असेल तर टेरा पॅकेज हे स्वतःहूनच करतं, डेटा डिस्कवर ठेवून लागेल तेवढाच उचलतं.

सर्व्हेचा डेटा वापरणाऱ्यांचं थोडं वेगळं असतं, त्यांच्याकडं ओळींपेक्षा कॉलम जास्त छळतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पाचवी फेरी घ्या, २०१९ ते २१ ची, त्यात ७,२४,११५ बायकांच्या मुलाखती आहेत आणि त्या फाइलमध्ये कॉलम हजारोंनी आहेत. धरून चला ५,०००, तर सात लाख चोवीस हजार गुणिले पाच हजार गुणिले आठ म्हणजे २९ जीबी. आणि तुमच्या पेपरला लागतात किती कॉलम? वय, शिक्षण, जिल्हा, वेट (सर्व्हेतल्या प्रत्येक मुलाखतीचा भार), आणखी दहा-वीस. हेवन पॅकेजमध्ये स्टेटा या दुसऱ्या स्टॅटिस्टिक्स सॉफ्टवेअरची फाइल वाचताना कॉल सिलेक्ट देता येतं, पन्नास कॉलम मागितले तर २९० एमबीत भागतं. सीएसव्हीसाठी (स्वल्पविरामांनी कॉलम वेगळे केलेली साधी मजकुराची फाइल) डेटा टेबलच्या एफरीड या आज्ञेत सिलेक्ट आहे, आणि एफरीड नेहमीच्या रीड सीएसव्हीपेक्षा कितीतरी वेगानं वाचतं, ते एक बदललं तरी निम्मी तक्रार संपते.

सीएसव्हीच वीस-तीस जीबीची असेल तर डकडीबी बघा, ॲमस्टरडॅमच्या सीडब्ल्यूआय संस्थेतून आलेला हा छोटा डेटाबेस आरच्या आतूनच चालतो, सर्व्हर वगैरे काही लागत नाही, फाइल आहे तिथंच ठेवून तुम्ही प्रश्न विचारायचा आणि उत्तराच्या चार ओळी फक्त आरमध्ये येतात. आणि तीच फाइल परत परत लागणार असेल तर एकदाच पार्के स्वरूपात करून ठेवा, त्यात कॉलम वेगवेगळे साठवलेले असतात त्यामुळं तीन कॉलम मागितले की तीनच वाचले जातात, सीएसव्हीत मात्र तीन कॉलमसाठीही सगळी फाइल चाळावी लागते.

कधीकधी एरर येतच नाही, लॅपटॉप नुसता घोंघावत राहतो आणि माउससुद्धा हलत नाही. तेव्हा रॅम भरल्यामुळं मशीन डिस्कचा एक भाग रॅमसारखा वापरत असतं आणि डिस्क त्या मानानं खूपच हळू. टास्क मॅनेजर उघडून मेमरी बघा, नव्वद टक्क्यांच्या वर असेल तर वाट बघण्यात अर्थ नाही, बंद करा आणि गुणाकाराकडं परत या. लिनक्सवर तर नुसतं "किल्ड" येतं आणि सगळं गायब, मशीननंच आरला बंद केलेलं असतं, तुमच्या कोडमध्ये चूक असेलच असं नाही. गुगलवर जुनं उत्तर सापडेल की मेमरी लिमिट वाढवा, ती आज्ञा विंडोजपुरतीच होती आणि आर ४.२ पासून, म्हणजे २०२२ पासून, ती काही करत नाही, त्यात वेळ घालवू नका. जीसी (रॅममधला कचरा गोळा करायची आज्ञा) परत परत चालवण्यानंही फारसं काही होत नाही, आर कचरा स्वतःच गोळा करतं. खरी जागा पाहिजे असेल तर नको असलेली टेबलं काढून आर रीस्टार्ट करा, आरस्टुडिओत (बहुतेक जण आर ज्यातून चालवतात ते सॉफ्टवेअर) कंट्रोल शिफ्ट एफ१०.

आरस्टुडिओ उघडतानाच लटकतंय का? मग आदल्या दिवशी बंद करताना "वर्कस्पेस सेव्ह करू का" ला तुम्ही हो म्हणालेला आहात. सगळा मोठा डेटा डॉट आरडेटा नावाच्या लपलेल्या फाइलमध्ये गेला आणि आता उघडताना तो सगळा परत रॅममध्ये यायला बघतोय. ती फाइल शोधून तिचं नाव बदला, आरस्टुडिओ उघडेल, मग ग्लोबल ऑप्शन्समध्ये जाऊन रिस्टोअरची खूण काढा आणि सेव्ह वर्कस्पेसला नेव्हर करा. हे मी प्रत्येकाला पहिल्याच दिवशी करायला लावते.

इथपर्यंतचे सगळे प्रॉब्लेम निदान ओरडून तरी सांगतात. मला खरी काळजी असते ती न ओरडणाऱ्या चुकांची, कारण मोठ्या डेटात तुम्ही डोळ्यानं ओळी बघू शकत नाही आणि चुकीचा आकडा सरळ थिसिसमध्ये जाऊन बसतो.

पावसाच्या या डेटात जिथं माहिती नाही तिथं उणे ९९९ लिहिलेलं असतं, समुद्र, शेजारचे देश वगैरे. नेटसीडीएफमध्ये तशी नोंद नीट असेल तर आर ते आपोआप एनए (म्हणजे माहिती नाही) करतं, पण बायनरी फाइल रीडबिननं वाचलीत तर उणे ९९९ तसाच आकडा म्हणून येतो आणि सगळ्या जाळीची सरासरी काढली की देशाचा पाऊस शून्याच्या खाली. तेवढं तरी लक्षात येतं, पण बेचाळीसातल्या एखाद्याच बिंदूला एखाद्याच दिवशी असं झालं तर वर्षाची सरासरी थोडीशीच उतरते आणि कुणालाच शंका येत नाही. डेटा आला की पहिलं काम, कमीतकमी आणि जास्तीतजास्त आकडा बघायचा.

तारखेचंही तसंच. हवामान खात्याचा एका दिवसाचा पाऊस म्हणजे त्या दिवशी सकाळी साडेआठला संपणाऱ्या चोवीस तासांचा पाऊस. २५ सप्टेंबर २०१९ ची रात्र पुणेकर विसरणार नाहीत, आंबिल ओढ्याला पूर आला ती, पण त्या रात्रीचा पाऊस डेटात २६ तारखेला धरलेला असतो. भाची २५ च्या ओळीत शोधत होती आणि म्हणत होती डेटा चुकीचा आहे.

आकड्यांच्या आकाराची एक मर्यादा असते ती पण माहीत पाहिजे. आरमधला पूर्णांक जास्तीतजास्त २,१४,७४,८३,६४७ पर्यंत जातो. २०११ च्या जनगणनेची १२१ कोटी लोकसंख्या गावागावांची बेरीज करून त्यात बसते, पण २००१ ची १०२ कोटी त्याच कॉलममध्ये खाली जोडलीत तर बेरीज एनए येते आणि एक वॉर्निंग. इथं कॉलम आधी न्यूमेरिक (तोच ८ बाइटचा दशांश आकडा) करून घ्यायचा. दहा आकडी मोबाइल नंबर किंवा बारा आकडी ग्राहक क्रमांक असेल तर एफरीड तो ६४ बिटचा पूर्णांक म्हणून वाचतं, आणि बिट६४ पॅकेज टाकलेलं नसेल तर स्क्रीनवर शून्याच्या जवळचे भयंकर विचित्र दशांश दिसतात. डेटा खराब झालेला नसतो, ते पॅकेज टाका की नीट दिसेल. पण माझं मत विचाराल तर ओळख क्रमांक कधी आकडा म्हणून वाचूच नका, मजकूर म्हणून वाचा. त्याची बेरीज कोण करणार आहे? शिवाय ०१ चा १ होणं टळतं, जनगणनेत महाराष्ट्राचा कोड २७ आणि पुणे जिल्ह्याचा ५२१ त्यामुळं आपल्याला हे जाणवत नाही, पण ज्या राज्यांचे कोड शून्यानं सुरू होतात त्यांच्या दोन फाइली जोडताना निम्म्या ओळी जुळत नाहीत आणि माणूस दिवसभर कारण शोधत बसतो. आणि मोठी फाइल मधेच एक्सेलमध्ये उघडून सेव्ह करू नका, १०,४८,५७६ ओळींच्या पुढचं त्यात मावत नाही आणि लांब क्रमांकांचे पंधराच्या पुढचे आकडे शून्य होतात.

शेवटी, अडकलात तर मदत मागा, पण स्क्रीनचा वाकडा फोटो व्हॉट्सॲपवर टाकून नको. एररचा पूर्ण मजकूर कॉपी करा, सेशन इन्फो चालवून त्याचं उत्तर जोडा म्हणजे कुठलं व्हर्जन आणि कुठली पॅकेजं ते समजतं, डेटाच्या पहिल्या वीस ओळी डीपुट या आज्ञेनं मजकूर म्हणून काढून द्या (माणसांची नावं, नंबर असतील तर आधी बदलून), आणि रॅम किती, ओळी किती, कॉलम किती हे तीन आकडे लिहा. भाची हे सगळं लिहीत होती तिच्या वहीत, तिच्या वर्गात आणखी दोघी १९२४ ला अडकल्यात म्हणे, त्यांना पाठवायचंय.